तो वास घासलेटचा नव्हता

विमानतळावरच्या नोकरीचे किस्से मी आयुष्यभर सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर, लांबच्या प्रवासात नातवंडांना कंटाळा येऊ नये म्हणून. माणसं हसायची, मलाही बरं वाटायचं. पण त्या सगळ्या किश्श्यांच्या मध्ये एक विहीर आहे आणि तिच्यापाशी आलो की मी दरवेळी वाट बदलली. बायकोच्या हे लक्षात आलं होतं. ती म्हणायची, "धोंडिबाच्या विहिरीपर्यंत येता आणि तुम्हाला एकदम काहीतरी काम आठवतं." तिलाही मी खरं सांगितलं नाही. ती गेली. ज्याला सांगायला हवं होतं तोही गेला. आता डॉक्टर माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले आहेत. तेव्हा यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी "काहीतरी खुसखुशीत द्या" म्हटल्यावर मी हो म्हणालो आणि हे लिहायला बसलो. खुसखुशीत भाग आधी उरकून घेतो.

विमानतळ हा शब्द आमच्या जागेला मोठा होता. मुळशी तालुक्यात, घोटावड्याच्या पुढे एका माळावर मुरूम दाबून केलेली धावपट्टी, पत्र्याची एक मोठी शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, आणि जमिनीच्या पोटात पुरलेली पेट्रोलची टाकी. हौशी लोकांना विमान चालवायला शिकवणारी एक संस्था हा सगळा पसारा चालवायची. दोन विमानं उडायची आणि तिसरं त्यांचे सुटे भाग पुरवायला उभं असायचं. हंगामात उसावर औषध मारणारी विमानं मुक्कामाला येत. कधी एखादा कारखानदार स्वतःच्या विमानातून उतरे आणि बूट मळले म्हणून कुरकुरे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ते धावपट्टी बंद पडेपर्यंत त्या टाकीचा कारभार माझ्याकडे होता. कागदावर माझा हुद्दा इंधन पर्यवेक्षक असा होता. आसपासच्या गावांत मला 'टाकीवाले सायेब' म्हणत.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं तर असं सांगता येईल. मोटारीच्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला कडेला उभं राहायची सोय नसते. त्यामुळे पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं. रोज सकाळी मी काठीच्या टोकाला एक मलम लावून ती तळापर्यंत सोडायचो. पाणी लागलं की मलमाचा रंग बदलायचा. मग हातपंपाने तळातलं काढायचं, काचेच्या बरणीत घ्यायचं, उन्हात धरायचं. वर हिरवट पेट्रोल, खाली पाण्याचा डोळा. तो डोळा मिटेपर्यंत उपसत राहायचं.

टाकीतला नेमका तळाचा नमुना हवा असेल तर आमच्याकडे एक पितळी बाटली होती. बुडाला शिसं ओतून जड केलेली, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. बाटली बंदच खाली सोडायची, तळाला टेकली की दोरीला झटका द्यायचा. बूच उडतं आणि तळातलं तेवढंच आत येतं, वरचं येत नाही. दुसरी तपासणी कागदाची. पिंपांतून माल आला की त्यात कुणी घासलेट मिसळलंय का ते बघायला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकायचा. विमानाचं पेट्रोल बघता बघता उडून जातं, कागद पूर्वीसारखा होतो. घासलेट असेल तर तेलकट डाग राहतो. माझ्या पिशवीत त्यासाठी कायम वर्तमानपत्र असे. लोकांना वाटायचं, साहेबांना वाचनाची फार आवड.

आता आमची टाकी. ती आमच्याकडे नवी आलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर कुठल्याशा लष्करी तळाचं सामान लिलावात निघालं, त्यातून संस्थेने ती उचलली होती. लोखंडी पत्रे रिव्हेटांनी जोडलेले. माणूस म्हातारा झाला की गुडघे आधी बोलतात, तसे या टाकीचे जोड बोलायचे. मुळशीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. चार महिने माळाच्या पोटात पाणीच पाणी. ते पाणी बाजूच्या एका जोडातून टाकीत शिरायचं आणि मी बरण्यांवर बरण्या उपसायचो. पाऊस गेला, जमीन सुकली की उलटा कारभार. आतलं पेट्रोल त्याच जोडातून बाहेर झिरपायचं. उन्हाळ्यात काठीवरची पातळी विमानं न उडताही खाली गेलेली दिसायची. मी सगळ्यांना सांगायचो, उन्हाने उडतंय. पेट्रोल उडतं हे खोटं नाही, म्हणून ते सांगायला सोपं जायचं. सरकारी निरीक्षक आले की मी छाती पुढे काढून टाकी दाखवायचो. "जुनं लोखंड आहे साहेब, असं आता मिळत नाही." तेही मान डोलवायचे. मला त्या टाकीचा खरंच अभिमान होता. माझ्या हातून कधी एकाही विमानात पाणी गेलं नाही, हे मी आजही म्हणू शकतो. अडचण अशी की मी फक्त आत काय येतं तेवढंच बघत होतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. मुठ्याच्या बाजूच्या एका बागायतदाराच्या मुलाचं लग्न होतं. त्याने आमच्या कॅप्टनला गळ घातली, वरातीवर विमानातून फुलं पडली पाहिजेत. कॅप्टन म्हणजे आमचे मुख्य शिक्षक, हवाई दलातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. ते नको नको म्हणताना संस्थेच्या अध्यक्षांनी हो म्हणून टाकलं. फुलांची पोती भरून विमान उडालं. वारा असा फिरला की सगळी फुलं थेट कासारसाईच्या अंगाला एका म्हशींच्या गोठ्यावर पडली. संध्याकाळी बागायतदार तणतणत आला आणि त्याच्या मागोमाग गोठ्याचा मालकही आला, नारळ घेऊन. त्याची म्हैस त्याच वेळी व्यायली होती आणि रेडी झाली होती. आकाशातून फुलं पडली म्हणून तो विमानाच्या पाया पडायला आला होता.

औषध मारणारा एक वैमानिक पेट्रोल भरताना विडी ओढायचा. मी ओरडलो की म्हणायचा, "मी रोज विजेच्या तारांखालून विमान नेतो, मला तुमची काडी काय करणार?" मी नळी बंद करून तिथेच बसून राहायचो. मग विडी विझायची.

आणि सरूबाई. धावपट्टीच्या खालच्या अंगाला उतारावर धोंडिबा धनगराचं घर होतं. शे-सव्वाशे मेंढरं, थोड्या शेळ्या, खाली भाताची खाचरं आणि घरामागे विहीर. सरूबाई त्याची बायको. एकदा ती हातात वाटी घेऊन कुंपणापाशी उभी राहिली.

"सायेब, वाईच पेट्रोल द्या की. पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात."

"घासलेट लाव ना."

"घासलेट लावलं, त्यास्नी काय फरक पडंना. तुमचं विमानाचं हाय, जोराचं आसंल."

मी तिला नीट समजावलं. या पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं असतं, ते विष आहे, कातडीतूनसुद्धा अंगात जातं, लेकराच्या डोक्याला लावायचं नाही. तिने पिंपावरचं कवटीचं चित्र बघितलं आणि वाटी पदराखाली घेतली. "आगाई," म्हणाली, "आन तुमी दिसभर ह्यात हात घालता?"

हे मी मुद्दाम लिहिलं. मला काय माहीत होतं ते वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय तो माणूस. हुसेनभाई पौडचा. बैलगाडीवर घासलेटचं पिंप घेऊन तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावांतून फिरायचा. त्या काळी घासलेटची किती ओढाताण होती ते जुन्या लोकांना आठवेल. कंदील, स्टोव्ह, चूल पेटवणं, सगळं त्याच्यावर. हुसेनभाईची घंटा वाजली की बाया डबे घेऊन धावत. माप भरून वर एक धार जास्त सोडायची त्याची पद्धत होती. धोंडिबाशी त्याचं विशेष सख्य. आमच्या माळापाशी आला की बैल सोडायचा, धोंडिबाच्या विहिरीवर त्याला पाणी पाजायचा आणि झाडाखाली दोघं भाकरी खायला बसायचे. सरूबाईच्या हातची मिरचीची चटणी खाऊन हुसेनभाईच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी तो मागून घ्यायचा. ईदेला त्याच्या घरून शेवया यायच्या. बोलण्यात तो आणि धोंडिबा यांत तुम्हाला फरक सांगता आला नसता. फिरतीहून परत जाताना तो विहिरीजवळच्या दगडावर बसून आपलं माप आणि नरसाळं पुसायचा. ही एवढीशी सवय पुढे त्याच्या मुळावर आली.

एका वर्षी होळीच्या सुमाराला सरूबाई माझ्याकडे आली. हातात वाटी नव्हती.

"सायेब, पान्याला वास येतुया. मेंढरं तोंड लावंनात."

मी विहिरीवर गेलो. काठावर वाकलो. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पातळ थर पसरला होता. मी एक सुकं पान बुडवलं आणि ते वर्तमानपत्राच्या कडेवर दाबलं. पाणी वाळल्यावर कागद कोरा. डाग नाही, म्हणजे घासलेट नव्हे.

संध्याकाळी कॅप्टनना सांगितलं. ते शेडच्या दारात उभे होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "खात्री आहे?"

"जोड गेलाय. आपलीच गळती आहे."

"कळवलं तर टाकीला सील लागेल. नवी टाकी संस्था घेणार नाही, अध्यक्षांना निमित्तच हवंय. मग पट्टी बंद. तू, मी, ही मेकॅनिक पोरं, सगळे घरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टाकी तुझ्या ताब्यात आहे. तू म्हणशील तसं करू."

लोकांना वाटेल त्यांनी माझ्यावर दडपण आणलं. तसं नव्हतं. त्यांनी खरोखर माझ्यावर सोपवलं होतं. मी तेव्हा नुकताच कायम झालो होतो, बायकोला पुण्याहून आणलं होतं, आणि निरीक्षकांपुढे छाती काढून जे बोललो होतो ते गिळायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "पातळी जोडाच्या खाली ठेवतो. यापुढे टाकी निम्मीच भरायची. गळती थांबेल, पावसाळ्यात विहीर धुऊन निघेल."

"आणि तोवर ती माणसं काय पिणार?"

"बघतो," मी म्हणालो.

माझ्या मनात होतं की धोंडिबाला एकट्याला गाठून सांगावं, थोडे महिने हे पाणी वापरू नका. कारण काय सांगायचं ते जुळवत राहिलो आणि तेवढ्यात दिवस गेले. एका सकाळी धोंडिबाच मला बोलवायला आला. विहिरीवर गावातली बरीच माणसं जमली होती. कुणीतरी म्हणत होतं, "वर माळावर पेट्रोलची टाकी हाय, तितनंच येत आसंल." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी तेव्हा ते केलं. पिशवीतून पितळी बाटली काढली. सगळ्यांदेखत ती बंद बाटली विहिरीच्या तळापर्यंत सोडली आणि दोरीला झटका दिला. टाकीत पाणी तळाशी असतं आणि पेट्रोल वर. विहिरीतही तेच. बाटली वर आली ती स्वच्छ पाण्याने भरलेली. ज्या अवजाराने मी एवढी वर्षं खोट पकडत होतो, त्याच अवजाराने मी ती चुकवली. ते पाणी पेल्यात ओतलं, सगळ्यांना दाखवलं आणि घटाघटा प्यायलो.

"पाण्यात काही नाही," मी म्हणालो. "टाकीतून झिरपलं असतं तर खालून आलं असतं."

हे शास्त्र मी जागेवर रचलं होतं. साहेब स्वतः प्यायला म्हटल्यावर कुणाला शंका राहणार? लोक माना हलवू लागले. मग एकाने सरळ हिशेब मांडला, "खालनं न्हाई तर मग वरनंच कुनीतरी टाकलंया."

हुसेनभाईची फिरती त्याच दिवशी होती. गाडी झाडाखाली उभी होती आणि तो स्वतः बैलाची दोरी हातात धरून इतरांसारखाच बघत होता. नजरा एकेक करून तिकडे वळल्या. सरूबाई म्हणाली, "भाई, तुमी हितंच माप धुता."

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा चाललीये. "आक्का, धुतो कुटं, फडक्यानं पुसतो. घासलेट धुवून टाकाया मला काय येड लागलंय? थेंब थेंब मोजून मिळतंय."

"मग वास कसला येतुया?"

"मला काय ठावं? माझा बैल बी ह्येच पीत व्हता की."

"बैलाला हल्ली वढ्यावर नेता तुमी," मागून कुणीतरी म्हणालं. ते खरं होतं. बैलही मेंढरांसारखाच त्या पाण्याला तोंड लावत नव्हता. पण आता त्याचा अर्थ वेगळा झाला. मागच्या एकाने हुसेनभाईच्या जातधर्माचा शब्द काढला, तो मी इथे लिहीत नाही. धोंडिबानेच वळून त्याला गप्प केलं. पण तो शब्द हुसेनभाईने ऐकला होता. त्याचं हसू गेलं. तो पुढे आला, माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भरवसा होता. ती गोष्ट मला आजही सोसत नाही.

"सायेब, तुमी ह्या तेलातलं जानकार. पान्याचा वास घ्या आन ह्यांना सांगा. ह्ये घासलेट हाय का?"

त्याने स्वतः ओंजळीत पाणी घेऊन माझ्या नाकापुढे धरलं. वास घ्यायचीही गरज नव्हती. घासलेट आणि विमानाचं पेट्रोल यांतला फरक ओळखणं हीच माझी भाकरी होती. शिवाय पिशवीत वर्तमानपत्र होतं. एक पान बुडवायचं, कागदावर दाबायचं, आणि सगळ्यांना दाखवायचं की डाग पडत नाही. तेवढ्याने हा माणूस सुटला असता. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की घासलेट नाही तर मग काय.

मी म्हणालो, "सांगता येत नाही, भाई. पाण्यात मिसळल्यावर सगळे वास सारखेच."

त्याने ओंजळ सोडली. हात धोतराला पुसले. धोंडिबा जमिनीकडे बघत म्हणाला, "भाई, उद्यापास्नं गाडी हितं सोडू नगा."

"धोंडिबादा, माझ्याकडं बगून म्हन."

धोंडिबाने वर पाहिलं नाही. हुसेनभाईने बैल जुंपला. घंटा न वाजवता गाडी रस्त्याला लागली.

यापुढची गोष्ट मी ठरवून केली नाही, पण माझ्याच हिशेबाने घडली. आम्ही टाकी निम्मी ठेवायला लागलो, तसा गळतीचा झरा आटला. विहिरीचा वास कमी कमी होत गेला. पावसाळ्यात पाणी भरलं, वाहून गेलं, आणि दिवाळीपर्यंत विहीर पूर्वीसारखी झाली. गावाला याचा एकच अर्थ दिसला. हुसेनला बंद केला आणि पाणी निवळलं. त्या दिवशी विहिरीवर ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही गेली. बातमी त्याच्या गाडीच्या आधी पुढच्या गावात पोचायची. कुणी म्हणे माप मारतो, कुणी म्हणे विहिरी बाटवतो. बाया घंटा ऐकून बाहेर येईनात. मग त्याची फिरती दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याने बैल विकला असं मला टपालवाल्याकडून कळलं.

धोंडिबा दिवाळीत माझ्या घरी आला. बरोबर स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं आणलं होतं. "तुमी व्हता म्हनून कळलं, सायेब. न्हाईतर आमी टाकीलाच बोल लावत बसलो आसतो." मी घोंगडं घेतलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. बायकोने ते बरीच वर्षं वापरलं, मी कधी अंगावर घेतलं नाही. तिला सांगायचो, टोचतं.

त्या वासाच्या महिन्यांत सरूबाईच्या घरात ते पाणी किती गेलं, लेकरांच्या पोटात काय गेलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मेंढरं ओढ्यावर गेली, पण घरातली माणसं तेच पाणी प्यायली, कारण साहेब प्यायलेला त्यांनी पाहिला होता. ती मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली, चांगली होती. मी लांबून चौकशी करत राहिलो. मेंढरांनीसुद्धा जे ओळखलं ते मी माणसांना नाकारायला लावलं, असं मनात येतं आणि मग झोप लागत नाही.

पुढे ऐंशीच्या दशकात संस्थेचे पैसे संपले आणि धावपट्टी टाकीमुळे नाही, तर भाड्याच्या तंट्यामुळे बंद पडली. जे वाचवायला मी गप्प बसलो होतो ते असं सहज गेलं. टाकी भंगारवाल्याला दिली. ती बाहेर काढताना मी हजर होतो. क्रेनने ती वर उचलली आणि बाजूचा तो जोड उन्हात आला. गंजून त्याची जाळी झाली होती, खालची माती काळी. कॅप्टनही आले होते. त्यांनी तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू त्या विहिरीचं काय केलंस, ते मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं." मग गाडीत बसून निघून गेले. ती आमची शेवटची भेट.

धोंडिबाला मी टाकी काढल्यावर तरी सांगायला हवं होतं. त्याने जमीन विकायला काढली होती, तो घाईत होता, मी ते निमित्त धरलं. तो मुलाकडे खाली देशावर गेला आणि तिकडेच वारला. सरूबाईचं मला काही कळलं नाही. आज त्या उतारावर इमारती आहेत. विहीर बुजवली.

राहिला हुसेनभाई. तो गेल्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्याच्या आधी मी एकदा त्याच्याकडे गेलो होतो, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरं होत नाही.

टाकी निघाली त्याच वर्षी मी एसटीने पौडला गेलो. बाजारात विचारलं. त्याच्या मुलाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या पुढ्यात एका खोक्यावर तो बसला होता, ट्यूबला ठिगळ लावत. केस पांढरे झाले होते. मी वाटेत वाक्यं पाठ केली होती. आधी पाया पडायचं, मग बोलायचं, मग तो जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं. त्याने मान वर केली, मला ओळखलं आणि एकदम उठून उभा राहिला.

"आवं, टाकीवाले सायेब! या, या. ए, सायेबांना खुर्ची दे. च्या सांग, दुधाचा."

मुलाने विचारलं, कोण साहेब? हुसेनभाई त्याला सांगू लागला. गल्लीतल्या दोघा-तिघांना ऐकू जाईल असं, अभिमानाने.

"त्या धनगराच्या विहिरीचं तुला सांगितलं न्हवतं का? सगळा गाव माझ्या अंगावर आला व्हता. ज्याच्या घरची भाकरी खाल्ली त्यो धोंडिबा बी. तवा ह्ये सायेब हितं आसं उभं व्हतं. त्यास्नी म्हनायला काय व्हतं, की हाय घासलेट? गावाच्या मनात तेच व्हतं. पर ह्ये म्हनले, सांगता येत न्हाई. येवड्या मानसांत ह्यो येकच मानूस, ज्यानं माझ्यावर आळ घेतला न्हाई." माझ्याकडे वळून म्हणाला, "मी इसरलो न्हाई, सायेब. घरात बी सांगत आसतो."

चहा आला. मी पेला हातात धरून बसलो. माझं वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, आणि ते लांबही नव्हतं. हुसेनभाई, तो वास माझ्या टाकीचा होता. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला सोडवणं माझ्या हातात होतं आणि मी मुद्दाम गप्प बसलो. मला माफ करा.

"काय सायेब, गोड कमी हाय का?" तो साखरेचा डबा पुढे करत म्हणाला.

मी म्हणालो, "नाही, पुरे आहे."